मातीची नाडी : कचरा डेपोशेजारची जमीन व तिच्यातील विकर

आजच्या शेतकऱ्याला मृद् आरोग्य पत्रिका ठाऊक आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे या योजनेचा आरंभ झाला. या पत्रिकेवर १२ नोंदी असतात. नत्र, स्फुरद, पालाश व गंधक ही चार प्रमुख द्रव्ये. जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही पाच सूक्ष्म द्रव्ये. आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब हे तीन सर्वसाधारण गुण. खत किती घालावे, कोणते घालावे, हे ठरविण्यास ही पत्रिका उपयोगी पडते यात शंका नाही. परंतु मातीपाशी काय शिल्लक आहे एवढेच ती सांगते. माती काय करू शकते, हे तिच्यातून कळत नाही. कोठीत किती धान्य आहे हे मोजले म्हणून त्या घरची चूल पेटते आहे की नाही, याचा उलगडा होत नाही; तसेच हे आहे.

एरवी ही उणीव फारशी जाणवली नसती. परंतु ज्या जमिनीच्या शेजारी शहराचा कचरा वर्षानुवर्षे साचत आला आहे, तेथे हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव शहराची लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक, तर धुळे शहराची सुमारे पावणेचार लाख होती. हिशेबापुरता माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरला, तरी एकट्या जळगावचा कचरा रोज १८० टनांच्या पुढे जातो. जळगावचा कचरा गिरणाकाठच्या आव्हाणे शिवारात आणि धुळ्याचा कचरा वरखेडी रस्त्याकडील डेपोत जात आला, हे आपणांस वर्तमानपत्रांतून ठाऊक आहेच. डेपोच्या कुंपणापलीकडे शेती आहे, विहिरी आहेत, गुरे चरतात. त्या शेतातील माती जिवंत आहे काय, आणि असल्यास किती, हे कसे ओळखावे? प्रस्तुत लेख अमुक डेपोवर दोषारोप ठेवण्यासाठी लिहिलेला नाही. असा निकाल द्यावयाचा झाल्यास तो कोणत्या पुराव्यावर द्यावा, आणि त्या पुराव्याची पारख कशी करावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे. हा पुरावा म्हणजे मातीतील विकर होत.

विकर म्हणजे काय?

एन्झाइम या शब्दाला मराठी परिभाषेत विकर म्हणतात. जुन्या पुस्तकांत वितंचक हाही शब्द आढळतो. दुधाला विरजण लावले की दही होते, पीठ भिजवून ठेवले की आंबते, तोंडात भाकरीचा घास चघळला की गोड लागू लागतो. या सर्व क्रियांमागे विकर असतात. सजीवांच्या पेशींत तयार होणारी ही प्रथिने असून एरवी अत्यंत मंद चालणारी रासायनिक क्रिया ती झपाट्याने घडवून आणतात आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसे एका विकराला एकच पदार्थ किंवा एका जातीचे पदार्थ चालतात.

विकराचे कार्य जिवंत पेशीवाचून होऊ शकते, हे १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ एदुआर्द बुख्नर यांनी दाखवून दिले. यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला, तर त्या रसानेही साखर आंबते, असे त्यांना आढळले. या शोधाबद्दल त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांपासून १९२६ साली युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले आणि विकर हे प्रथिन असते असे सांगितले. अनेक थोर शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. समनर यांचा डावा हात तरुणपणीच शिकारीतील अपघाताने गेला होता. एका हाताने प्रयोग करणाऱ्या या माणसाला १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हेच युरिएज आपल्या शेतातील मातीतही असते, आणि आपल्या लेखातील ते एक प्रमुख पात्र आहे.

मातीत विकर असतात ही कल्पना तशी जुनीच. १८९९ साली अमेरिकेत ए. एफ. वुड्स यांनी मातीतील ऑक्सिडीकारक विकरांचा उल्लेख केला, तेथून या विषयाचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. मातीतील विकरांचा उगम तीन ठिकाणी असतो: सूक्ष्मजंतू व बुरशी, वनस्पतींची मुळे, आणि गांडुळांसारखे लहानमोठे प्राणी. यांतील सूक्ष्मजंतूंचा वाटा सर्वांत मोठा. काही विकर जिवंत पेशीच्या आतच काम करतात आणि पेशी मेली की संपतात. इतर काही पेशीबाहेर टाकले जातात व चिकणमातीच्या कणांना आणि ह्यूमसला चिकटून राहतात. अशा रीतीने चिकटलेले विकर, ज्या जंतूने ते निर्माण केले तो मरून गेल्यावरही, दीर्घकाळ कामाचे राहतात. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

तीन विकर, तीन कामे

मातीत विकर अनेक असले, तरी परीक्षेसाठी काही थोडेच वापरले जातात. त्यांपैकी तिघांची ओळख करून घेऊ.

पहिले युरिएज. केळीच्या बागेत युरियाचे पोते रिकामे होते, तेव्हा पिकाला लगेच नत्र मिळाले असे आपण समजतो. वस्तुतः युरियावर प्रथम युरिएजची क्रिया व्हावी लागते. त्याने युरियाचे विघटन होऊन अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड बनतात; अमोनियाचे पुढे दुसरे जंतू नायट्रेट करतात. खानदेशातील केळी व कपाशीचा शेतकरी युरियावर जो पैसा खर्च करतो, तो या अदृश्य कामगाराच्या भरवशावर. 

दुसरे फॉस्फेटेज. पालापाचोळा व शेणखत यांतील स्फुरद सेंद्रिय संयुगांत अडकलेला असतो. मुळांना तो तसाच घेता येत नाही. फॉस्फेटेज त्याला मोकळा करते. याचे दोन प्रकार आहेत, आम्ल जमिनीत अधिक चालणारा व अल्कली जमिनीत अधिक चालणारा. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असल्याने येथे दुसऱ्या प्रकाराला महत्त्व आहे.

तिसरे डिहायड्रोजनेज. हे खरे म्हणजे एक विकर नसून विकरांचे कुटुंब आहे. अन्नापासून शक्ती मिळविताना पेशी त्यातील हायड्रोजन काढून घेते. ते काम यांचे. श्वासोच्छ्वासाशी यांचा थेट संबंध असल्याने ती फक्त जिवंत पेशीतच आढळतात. मातीतील जीव आज, या घडीला, किती कार्यक्षम आहेत हे डिहायड्रोजनेज सांगते. युरिएज व फॉस्फेटेज मातीच्या कणांना चिकटून राहू शकत असल्यामुळे त्यांच्या मोजणीत कालचाही अंश मिसळलेला असतो. एक आजची बातमी देते, दुसरी दोन मागच्या वर्षांची हकीकतही सांगतात.

यांची मोजणी कशी करतात? डिहायड्रोजनेजची परीक्षा कलाशाखेच्या वाचकालाही सहज समजेल अशी आहे. ट्रायफिनिल टेट्राझोलियम क्लोराइड नावाचा एक रंगहीन क्षार आहे. जिवंत पेशीतील हायड्रोजन त्याला मिळाला, की त्याचे लाल रंगाचे फॉर्मझान बनते. बियाणे उगवेल की नाही हे पाहण्यासाठी बीज परीक्षण प्रयोगशाळेत हाच क्षार वापरतात. जिवंत अंकुर लाल होतो, मेलेला तसाच राहतो. मातीसाठी कॅसिडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दिलेली पद्धत रूढ आहे. ६ ग्रॅम मातीत थोडा चुनखडीचा चुरा मिसळून त्यावर या क्षाराचे ३ टक्क्यांचे १ मिलिलिटर द्रावण व अडीच मिलिलिटर पाणी घालतात, ३७ अंश सेल्सियसला २४ तास ठेवतात, आणि मिथेनॉलने लाल रंग धुऊन काढून त्याची गडदता रंगमापकावर मोजतात. रंग गडद, तर माती जोमात. रंग फिका, तर माती मंदावलेली. फॉस्फेटेजच्या परीक्षेत पिवळा रंग उतरतो, आणि युरिएजच्या परीक्षेत मातीला युरिया देऊन ठराविक वेळात किती अमोनिया सुटला ते पाहतात. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हे काम प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावयाचे असते.

कचरा : पूर्वीचा आणि आताचा

शहराचा कचरा हा मातीचा जन्मजात शत्रू नव्हे. आग्रा रस्त्याने धुळ्याहून उत्तरेस गेले की इंदूर लागते. तेथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण व मूत्र यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसविली; ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. १९३१ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात यशवंत वाड हे त्यांचे सहलेखक होते. घरामागचा उकिरडा, गावाबाहेरचे सोनखत, तळ्यातला गाळ, हे सारे आपल्याकडे शेतात परत जात असे. राख, शेण, भाजीचे देठ, कडबा यांत मातीला परके असे काही नव्हते. तिचे तिला मिळत होते.

आताच्या कचऱ्यात ओला भाग आहेच, पण त्यात बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, नळ्या, तुटकी विजेची उपकरणे, औषधे, प्लॅस्टिक व काच मिसळलेले असते. हे सारे एकत्र कुजू लागले की कुजण्याच्या पहिल्या अवस्थेत आम्ले निर्माण होतात. पावसाचे पाणी ढिगातून खाली उतरताना ही आम्ले आणि त्यांत विरघळलेले धातू बरोबर घेऊन येते. या काळपट, दुर्गंधीयुक्त पाण्याला लिचेट म्हणतात. शास्त्रोक्त भरावभूमीत खाली अभेद्य थर घालून हे पाणी गोळा केले जाते. नुसत्या उघड्या ढिगाखाली तशी सोय नसते. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर देशात २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम झाले, २०१६ साली ते नव्याने करण्यात आले, आणि ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन आले. या नियमांचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे: जे मातीचे आहे ते मातीला जाऊ द्या, जे तिचे नाही ते तिच्यात मिसळू देऊ नका.

विष कसे बाधते?

शिसे, कॅडमियम, पारा, तांबे यांसारखे जड धातू विकरांना दोन तीन प्रकारे निकामी करतात. बऱ्याच विकरांच्या रचनेत गंधक व हायड्रोजन यांची जोडी असलेले गट असतात. धातू त्यांना घट्ट चिकटतो आणि विकराचा आकार बिघडतो. किल्ली वाकली की कुलूप उघडत नाही, तसाच हा प्रकार. कधी विकराच्या मर्मस्थानी असलेला योग्य धातू हाकलून परका धातू त्याची जागा बळकावतो. आणि सर्वांत मोठा परिणाम म्हणजे विकर निर्माण करणारे जंतूच मरतात किंवा दुर्बळ होतात.

येथे एक लक्षणीय गोष्ट सांगितली पाहिजे. युरिएजच्या मर्मस्थानी निकेल हा धातू असतो, असे १९७५ साली सिद्ध झाले. म्हणजे ज्या निकेलवाचून हे विकर चालतच नाही, तेच निकेल प्रमाणाबाहेर गेले की माती आजारी पडते. जस्ताची व तांब्याची गोष्टही अशीच. आरोग्य पत्रिकेवर तांबे व जस्त यांची नोंद ‘कमी आहे की काय’ या काळजीने केली जाते. डेपोशेजारी तीच नोंद ‘जास्त झाले की काय’ या काळजीने वाचावी लागते. शहरी कंपोस्टसाठी ठरविलेल्या मर्यादा याच काळजीतून आल्या आहेत. दर किलोग्रॅममागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, निकेल व क्रोमियम प्रत्येकी ५०, शिसे १००, तांबे ३०० आणि जस्त १००० मिलिग्रॅम, याहून अधिक असलेले कंपोस्ट २०१६ च्या नियमांनी अन्नपिकांना वर्ज्य ठरविले.

काळ्या जमिनीचा स्वभाव

खानदेशची काळी जमीन बसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा शेताला पडलेल्या भेगांत हात जाईल एवढी रुंदी असते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट खोल उतरतो. पुढे जमीन फुगून भेगा मिटल्या की पाणी वरच तुंबते. लिचेट याच वाटांनी जाते हे उघड आहे. वर्षातील पहिले पाणी खोल जाणारे, आणि ढिगात साठलेली घाण घेऊन निघणारेही तेच.

दुसरी गोष्ट अशी की, चुनखडीयुक्त व अल्कली मातीत जड धातू सहज वाहून जात नाहीत. ते चिकणमातीला व चुन्याला धरून वरच्या थरात बसतात. विहिरीच्या दृष्टीने हे बरे, कारण माती गाळणीचे काम करते. परंतु शेताच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जे आले ते येथेच राहिले. वरच्या वीतभर थरातच पिकाची बरीचशी मुळे असतात आणि मातीतील जीवही तेथेच सर्वाधिक असतात. काळी आई पोटात घेते असे आपण म्हणतो. ती खरोखरच पोटात घेते, आणि म्हणूनच तिच्या प्रकृतीची चौकशी अधिक करावयास हवी.

साक्षीदाराची उलटतपासणी

विकर ही मातीची नाडी असली, तरी केवळ नाडीवर हात ठेवून रोगाचे नाव सांगणारा वैद्य फसतो. या परीक्षेत फसगतीच्या जागा अनेक आहेत आणि त्या माहीत असल्यावाचून तिचा उपयोग करणे धोक्याचे आहे.

पहिली जागा सर्वांत महत्त्वाची. डेपोजवळच्या मातीत विकरांचे कार्य पुष्कळदा कमी नव्हे तर अधिक आढळते! कारण ओल्या कचऱ्यातून सेंद्रिय द्रव्य मिळाले की जंतूंना मेजवानीच मिळते आणि विकर वाढतात. हा आकडा पाहून ‘माती उत्तम आहे’ असे कोणी म्हणाला, तर ती चूक ठरेल. ताप आलेल्या माणसाची नाडीही जलद चालते. म्हणून विकराचा आकडा सेंद्रिय कर्बाच्या आकड्याशी ताडून पाहावा. कर्ब भरपूर असूनही विकर मंद असतील, तर अन्न आहे पण जेवणारा आजारी आहे, असा संशय घेण्यास जागा आहे.

दुसरी जागा ऋतूची. उन्हाळ्यात कोरडवाहू शेतातील माती इतकी वाळते की विकरांचे कार्य आपोआप मंदावते. त्याचा प्रदूषणाशी संबंध नसतो. उलट पाणी तुंबलेल्या जमिनीत डिहायड्रोजनेजचा आकडा वाढलेला दिसू शकतो. यास्तव डेपोजवळचा नमुना मे महिन्यात आणि दूरचा नमुना ऑगस्टमध्ये घेऊन केलेली तुलना व्यर्थ होय.

तिसरी जागा खताची. ज्या केळीबागेत स्फुरदयुक्त खत भरपूर दिले जाते, तेथे फॉस्फेटेज कमी आढळू शकते. तयार स्फुरद मिळत असता जंतू व मुळे हे विकर बनविण्याचा खटाटोप करीत नाहीत. येथे कमी आकडा विषाचा नसून सुबत्तेचा असतो.

चौथी जागा प्रयोगशाळेतील आहे. चंदर व ब्रुक्स या संशोधकांनी १९९१ साली दाखविले की मातीत तांबे अधिक असेल तर ते लाल फॉर्मझानच्या मोजणीतच व्यत्यय आणते आणि रंग असावा त्याहून फिका वाचला जातो. म्हणजे जंतूंना किती बाधा झाली याविषयी अतिशयोक्ती होते. तांब्याचा संशय असेल तेथे केवळ डिहायड्रोजनेजवर विसंबू नये.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही शिस्त नवी नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने दप्तर उलगडणारा अभ्यासक एका कागदावरून निर्णय करीत नाही. तो कागद कोणाचा, कोणत्या वेळचा, लिहिणाऱ्याचा हेतू काय, दुसऱ्या कागदाशी मेळ बसतो का, हे पाहतो. मातीचा नमुना हाही एक अस्सल कागदच आहे. तो खोटे बोलत नाही. पण त्याला नेमका प्रश्न विचारावा लागतो.

या सर्वांवर उपाय एकच, तो म्हणजे तुलना. डेपोजवळच्या शेताबरोबर त्याच जातीच्या मातीचे, त्याच पिकाचे, त्याच प्रकारे पाणी दिले जाणारे, परंतु चढाकडील व दूरचे एक शेत घ्यावे. नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीवरून, वापसा असताना घ्यावेत. उताराच्या दिशेने, ज्या नाल्यावाटे पाणी जाते त्याच्या कडेने, वाढत्या अंतरावर नमुने घेत जावे. अंतर वाढेल तसा विकरांचा आकडा एका दिशेने बदलत गेला, दोन किंवा तीन विकर एकच गोष्ट सांगू लागले, आणि धातूंच्या रासायनिक पृथक्करणाने त्याला दुजोरा मिळाला, तरच ‘येथे डेपोचा परिणाम आहे’ असे म्हणता येईल. 

नमुना घेण्याच्या रीतीतही फरक आहे. नेहमीच्या माती परीक्षणासाठी आपण माती सावलीत वाळवितो. विकरांसाठी ती ओलीच, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, बर्फाच्या पेटीत वा शीतकपाटात सुमारे ४ अंशांवर ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत न्यावी लागते. जिवंत वस्तूची तपासणी करावयाची, तर ती वाटेतच मरू देऊन कसे चालेल?

वोबर्नचा धडा

‘कचरा उचलला की जमीन पूर्ववत होईल’ अशी आपली समजूत असते. या समजुतीला धक्का देणारे एक उदाहरण इंग्लंडमधील वोबर्न येथील आहे. तेथील प्रायोगिक शेतात १९४२ ते १९६१ या काळात शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घालण्यात आला. गाळात धातू होते. पुढे गाळ घालणे थांबले. दोन दशकांनंतर ब्रुक्स व मॅकग्राथ यांनी त्या मातीची तपासणी केली, तेव्हा गाळ घातलेल्या मातीतील सूक्ष्मजंतूंचे एकूण वस्तुमान शेणखत घातलेल्या मातीच्या सुमारे निम्मेच भरले. याविषयीचा त्यांचा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याच जमिनीत पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र बांधण्याचे काम करीनासे झाले होते. पीक वरून उभे होते. खालचा कामगार मात्र निकामी झाला होता.

क्लोव्हरच्या जागी आपला मूग, उडीद किंवा तूर ठेवून पाहा, म्हणजे या उदाहरणाचा अर्थ आपल्या अंगणात उतरतो. पेरणीनंतर महिनाभराने मुगाचे रोप हलक्या हाताने उपटले, तर मुळांवर गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली असता आत लालसर रंग दिसला, तर ती काम करीत आहे असे समजावे. पांढरी वा हिरवट असेल तर नाही. दोन शेतांतील रोपांची अशी तुलना कोणीही शेतकरी करू शकतो. ती प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. पण प्रयोगशाळेत कोणत्या शेताचा नमुना आधी न्यावा, हे ती सांगू शकेल.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात शहरांतील जुने ढीग हटविणे हे एक उद्दिष्ट ठरले. बायोमायनिंगमध्ये जुना ढीग उकरून, चाळून त्यातील प्लॅस्टिक, दगड व बारीक माती वेगळी करतात. काम चांगले आहे, ते व्हावयासच हवे. परंतु त्यातून दोन नवे प्रश्न निघतात. चाळणीखाली पडणारा बारीक भाग दिसावयास काळाभोर, भुसभुशीत, अगदी कुजलेल्या शेणखतासारखा. तो शेतात घालावा की नाही? आणि ढीग हटल्यावर मोकळी झालेली जमीन जिवंत आहे असे कोणी व कशावरून म्हणावे? केवळ डोळ्यांना मोकळी दिसते म्हणून?

आपण काय करावे?

या कामासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. जळगावला १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आपले विद्यापीठ आहे. मातीत राबलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांतूनही रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांच्या प्रयोगशाळा आहेत. रंगमापक, ३७ अंशांवर स्थिर राहणारी पेटी आणि तराजू, एवढ्या साहित्यावर यांतील निदान एक परीक्षा होऊ शकते.

मग कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करावे? त्यांचे काम याहून कमी मोलाचे नाही. पूर्वी डेपोच्या जागी काय होते, कोणत्या वर्षापासून कचरा पडू लागला, पावसाचे पाणी कोणत्या नाल्याने उतरते, कोणत्या विहिरीचे पाणी कधीपासून बदलले, कोणत्या शेतात डेपोतील खत घातले गेले, ही माहिती कोणत्याही यंत्रात मिळत नाही. ती शिवारातील वृद्ध शेतकऱ्यांच्या स्मरणात, सातबाराच्या उताऱ्यात व ग्रामपंचायतीच्या दप्तरात असते. भूगोलाच्या विद्यार्थ्याने उताराचा नकाशा काढावा, इतिहासाच्या विद्यार्थ्याने डेपोची बखर लिहावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या शेतांतील उत्पन्नाचा हिशेब मांडावा, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्यावरून ठरवावे की नमुना नेमका कोठून घ्यावयाचा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपताना आणि एकदा रब्बीच्या अखेरीस, त्याच त्या ठिकाणचे नमुने घेऊन एका नोंदवहीत लिहीत गेलो, तर दहा वर्षांत खानदेशापाशी असा दस्तऐवज तयार होईल की ज्यावर शेतकऱ्याला, पालिकेला आणि न्यायालयालाही भरवसा ठेवता येईल. एकट्या आकड्याला अर्थ नसतो; ओळीने लिहिलेल्या आकड्यांना असतो.

एका गोष्टीची जाणीव मात्र या कामात सतत ठेवावी लागेल. डेपोशेजारच्या शेतकऱ्याने तो कचरा निर्माण केलेला नाही. तो आपल्या घरांतून गेलेला आहे. त्या शेतातील मेथीची जुडी, वांगी व केळी शहराच्या बाजारात येतात, म्हणजे तो कचरा एका अर्थी आपल्याच ताटाकडे परत निघालेला आहे. परंतु मातीविषयी संशय पसरविणे म्हणजे त्या शेतकऱ्याचा भाव पाडणे होय, हेही विसरता कामा नये. पुराव्यावाचून ‘तेथील भाजी घेऊ नका’ म्हणणे जसे अन्यायाचे, तसेच पुरावा न शोधता ‘काही होत नाही’ म्हणणेही अन्यायाचेच. या दोन अन्यायांमधून वाट काढावयाची, तर मोजणे भाग आहे.

घरातला ओला कचरा वेगळ्या डब्यात टाकणे, वापरून संपलेले सेल व औषधे त्यात न मिसळणे, ही या मोजणीची पहिली पायरी समजावी. कारण मातीतील ते अदृश्य कामगार धातूचा कण व भाजीचा देठ यांची निवड करू शकत नाहीत. ती निवड आपल्याच हातांनी, आपल्याच स्वयंपाकघरात व्हावयाची असते.